पूर्ण एक मिनिट

"पाठ करा दोघांनी," सिस्टर म्हणाल्या.

मी आणि छेरिंगजी मुकाट्याने वळलो आणि समोरच्या पांढऱ्याफटक डोंगराकडे बघत उभे राहिलो. मागे शालीची सळसळ झाली, मग स्वेटरच्या बटणांची खुडबुड. उणे नऊ तापमान होतं. माझ्या नाकातलं पाणीसुद्धा गोठायला लागलं होतं.

"हं, घे."

त्यांच्या तळहातावर ड्रोनची बॅटरी होती आणि बॅटरीच्या डोक्यावर लोकरीची पिवळी टोपी. कमी दिवसांच्या बाळांना घालतात तसली, मोसंबीएवढ्या डोक्यावर बसणारी. सिस्टरांनी टोपी काढून खिशात ठेवली, बॅटरीला उलटा हात लावून पाहिला आणि मगच ती माझ्या हवाली केली.

"पोट गरम आहे. लवकर बसव, बाहेर गार पडेल."

बॅटरीला कसलं आलंय पोट! पण तीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या खोलीत काढलेल्या बाईला हे सांगून बघा. माझ्याकडे चार बॅटऱ्या होत्या. सिस्टरांनी गावाहून निघतानाच त्यांना पिवळी, निळी, लाल आणि पांढरी अशा चार टोप्या घातल्या होत्या. प्रवासभर मी त्यावरून त्यांची थट्टा केली. "सिस्टर, यांना पोलिओचा डोस कधी?" असं विचारलं तेव्हा त्या चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या होत्या.

थंडीत बॅटरी उबदार का ठेवायची, हे मी त्यांना जीपमध्ये शिकवलं होतं. गार पडलेली बॅटरी खोटं बोलते. पडद्यावर नव्वद टक्के दाखवते आणि वर गेल्यावर एकाएकी हात टेकते. म्हणून ती अंगाशी धरायची, उडवायच्या क्षणी काढायची, आणि ड्रोन वर गेला की पूर्ण एक मिनिट डोक्याएवढ्या उंचीवर जागच्या जागी तरंगत ठेवायचा. त्या मिनिटात बॅटरी आतून तापते, मग ती भरवशाची. आणखी एक, वापरात नसली तरी बॅटरी कधी पूर्ण उतरू द्यायची नाही. महिन्यातून एकदा चार्ज करायची, नाहीतर कायमची मरते.

सिस्टरांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं होतं. मग म्हणाल्या, "आमच्याकडंही मिनिट असतं रे. बाळाचे श्वास मोजायचं. नव्या पोरी अर्धं मिनिट मोजतात आणि दुप्पट करून लिहितात. मी हातावर मारायची. बारकी बाळं मध्येच श्वास घ्यायचं विसरतात. पूर्ण मिनिट मोजलं तरच खरं."

निनाद त्यांचा मुलगा. बावीस वर्षांचा. दोन मित्रांबरोबर हिमाचलातली एक खिंड ओलांडायला गेला होता. तीन नोव्हेंबरला धुकं आणि बर्फ एकदमच आलं. दुसऱ्या दिवशी दोघं मित्र काळीनिळी बोटं घेऊन कसेबसे खाली उतरले. निनाद त्यांच्या मागे होता आणि मग नव्हता, एवढंच त्यांना सांगता आलं. शोधपथकाने तीन दिवस डोंगर धुंडाळला आणि मग खालच्या खोऱ्यात अडकलेल्या माणसांकडे त्यांना जावं लागलं. सिस्टर मात्र एकच गोष्ट घोळवत होत्या.

"स्लीपिंग बॅग त्याच्या सॅकमध्ये आहे. मी स्वतः भरून दिलीय. खायला शेंगदाण्याची चिक्की आहे, खजूर आहेत. पाय मोडून कुठं पडला असला तरी आठवडा काढेल. आठवडा काढतात माणसं."

निनादचे वडील तो शाळेत असतानाच गेले. मोठी बहीण शलाका तेव्हा पोटुशी होती, तिला येता येईना. गावात ड्रोनवाला मी एकटा. लग्नांचं शूटिंग करायचो, कधी कारखान्याच्या सभेची. सिस्टर माझ्या स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, "जितू, तुझं ते यंत्र घे आणि चल." मी त्याच संध्याकाळी निघालो. आणि आठ तारखेच्या सकाळी आम्ही त्या उतारावर उभे होतो. निनाद हरवल्याला पाच रात्री झाल्या होत्या.

छेरिंगजी आमचे यजमान. साठीचे, बुटके, मोजकं बोलणारे. त्यांच्याच घरात आम्ही उतरलो होतो आणि गावातली चार माणसं त्यांच्या शब्दावर दोर-फावडी घेऊन आली होती. शोधायच्या जागा दोनच उरल्या होत्या. उजवीकडे एक अरुंद घळ, कोपरासारखी मध्येच वळलेली. आणि डावीकडे, लांब वर, उन्हाळ्यात मेंढ्या चरतात ते कुरण. चार माणसं एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकत होती. कुठे जायचं ते माझ्या ड्रोनने सांगायचं होतं.

मी पिवळ्या टोपीची बॅटरी बसवली आणि तेवढ्यात घळीच्या तोंडावर ढग उतरला.

आता नियमाप्रमाणे मी काय करायला हवं होतं? बॅटरी काढून परत सिस्टरांकडे द्यायला हवी होती. पण पुन्हा पाठ करा, पुन्हा बटणं, पुन्हा टोपी. मला कंटाळा आला. शिवाय गावातली दहा-बारा माणसं तमाशा बघायला जमली होती आणि मी त्यांना मोबाइलवर लग्नांचे व्हिडिओ दाखवत होतो. नवरदेव घोड्यावर, वरून घेतलेला. आदल्या संध्याकाळी चुलीपाशी मी फुशारकी मारलीच होती, की माझा ड्रोन वरून बकरीचा कान मोजतो. ड्रोन दगडावर उघडा पडून राहिला. दहा मिनिटं, कदाचित बारा.

मग ढग फाटला.

"भाईसाब, खुल गया," छेरिंगजी म्हणाले.

मी धावलो. लग्नात नवरदेव घोड्यावर चढला की त्या क्षणी ड्रोन वर असावा लागतो, एक सेकंद चुकला तर नवरीचा बाप वर्षभर बोलतो. तीच सवय. पंखे फिरले आणि मी ड्रोन सरळ घळीकडे फेकला.

"मिनिट?" मागून सिस्टरांचा आवाज आला. त्या एका खडकाच्या आडोशाला ब्लँकेट पांघरून बसल्या होत्या. बाकीच्या तीन बॅटऱ्या पोटाशी होत्या, त्यामुळे उठायची सोय नव्हती.

"ढग परत येईल, सिस्टर!"

पडद्यावर घळ सरकायला लागली. काळे कडे, मधून गोठलेल्या ओढ्याची पट्टी. अठ्ठ्याऐंशी टक्के. ब्याऐंशी. वळण दिसायला लागलं. अठ्ठावन्न. मी ड्रोन वळणाच्या तोंडाशी नेला आणि आकडा एकदम सतरावर आला. पडदा लाल झाला. यंत्राने माझं ऐकणं बंद केलं आणि स्वतःहून तोंड फिरवून परत निघालं. आमच्यापासून तीस-चाळीस पावलांवर बर्फात येऊन बसलं.

वळणापलीकडचं मला काहीच दिसलं नव्हतं.

"पाहिलीस घळ?" सिस्टरांनी खडकाआडून विचारलं.

"पाहिली."

"शेवटपर्यंत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ते बघे, दोर घेतलेली चार माणसं, छेरिंगजी. बॅटरी गार पडू दिली, मिनिट खाल्लं, हे त्या सगळ्यांसमोर सांगायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, निळी बॅटरी लावतो आणि पाच मिनिटांत उरलेलं बघून येतो, कोणाला कळायचंही नाही.

"शेवटपर्यंत. काही नाही तिथं."

छेरिंगजींनी मान हलवली आणि कुरणाकडे हात केला. चार माणसं दोर खांद्यावर टाकून डावीकडे चालायला लागली. मी निळी बॅटरी मागितली, पाठ केली, वळलो. तोवर ढगाने घळ पुन्हा गिळली होती. दिवसभर ती उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कुरणावर होतो. चारही बॅटऱ्या थोड्या-थोड्या करून तीन-तीनदा उडवल्या. त्या दिवशी मी मिनिट चुकवलं नाही. सिस्टर खडकावरून खडकावर बसायच्या, छातीशी हात बांधून. मध्येच स्वेटरमध्ये हात घालून उलट्या हाताने एकेकीला चाचपायच्या. जमिनीवर पांढरं सोडून काही नव्हतं. दुपारी एक काळा ठिपका दिसला तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. ती मेलेली मेंढी निघाली.

"पाय थंड झालेत का तुझे?" येताना त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"झालेत. घरी गेल्यावर मोजे बदल."

दिवेलागणीला छेरिंगजींच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. पत्र्याची शेगडी धगधगत होती, तरी सिस्टर बॅटऱ्या तिच्यापाशी ठेवू देत नव्हत्या. "एका अंगानं भाजतील आणि दुसऱ्या अंगानं गार. बाळ कधी शेगडीपाशी ठेवतात का?" चारही टोप्या त्यांच्या पदराखाली होत्या.

"तू असाच होतास," त्या म्हणाल्या.

मला ती गोष्ट पाठ होती. अख्ख्या गावाला पाठ होती. मी सातव्या महिन्यात जन्मलो, दीड किलोसुद्धा नव्हतो. आईला झटके यायला लागले म्हणून तिला नाशिकला हलवलं. मला हलवलं असतं तर वाटेतच गेलो असतो. त्या काळी वीज दिवसातून सहा-सहा तास जायची. सिस्टर कुमुद गायधनी यांनी मला उघडं करून आपल्या छातीशी, कातडीला कातडी लावून पदराने बांधलं आणि अठरा दिवस तसंच वागवलं. त्याच अवस्थेत इतर बाळांची इंजेक्शनं दिली, रजिस्टरं लिहिली. मित्र मला चिडवताना "उबवलेला जित्या" म्हणायचे.

"दोनदा तू श्वास घ्यायचं विसरलास," त्या म्हणाल्या. "मला झोप लागली असती तर गेला असतास. पायाच्या तळव्याला टिचकी मारली की चिडायचास आणि पुन्हा घ्यायचास."

"सिस्टर," मी म्हटलं.

"काय रे?"

"ती घळ..."

छेरिंगजी लोण्याच्या चहाची किटली घेऊन आत आले. सिस्टर त्यांच्याकडे वळल्या आणि मोडक्या हिंदीत उद्याच्या हवेचं विचारायला लागल्या. मी चहा घेतला. खारट होता. जे बोलायचं होतं ते चहाबरोबर गिळलं. छेरिंगजींमुळे राहून गेलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण ते पाच मिनिटांत उठून गेले होते आणि मी तिथेच बसून होतो.

तिसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती. इतकी निळी सकाळ मी कधी पाहिली नाही.

"आज घळीत परत एकदा बघतो," मी म्हटलं.

सिस्टर टोपीची गाठ सोडत होत्या. थांबल्या.

"पाहिली होतीस ना?"

"हो. पण ढग होता. परत एकदा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दवाखान्यात आई खोटं सांगते, बाळाने दूध घेतलं म्हणून, तेव्हा नर्स बघते तसं असेल, किंवा मला तसं वाटलं असेल. मग "बरं" म्हणाल्या आणि पिवळ्या टोपीची बॅटरी माझ्या हातावर ठेवली. रिकामी टोपी त्यांच्या मुठीत राहिली. त्या दिवशी त्या खडकाआड बसल्या नाहीत. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. ड्रोन डोक्यावर तरंगत असताना त्यांनी छातीला टाचलेलं आपलं नर्सचं घड्याळ उलटं करून मिनिट मोजलं.

"झालं. जा."

वळणाशी पोचलो तेव्हा एक्काहत्तर टक्के होते. वळण ओलांडलं. दोनशे पावलंही नसतील. नारिंगी रंग दिसला.

मी ड्रोन खाली घेतला. कड्याच्या पोटाशी एक कपार होती. त्याने सॅक वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली होती. स्लीपिंग बॅग कमरेपर्यंत. एक पाय चालण्याच्या काठीला पट्टीने बांधलेला, नीट, आईकडून शिकल्यासारखा. तोंड वर आकाशाकडे. नारिंगी जाकीट.

"निनाद," सिस्टर म्हणाल्या. हाक मारल्यासारखं नाही, नाव वाचल्यासारखं.

मी छेरिंगजींना ओरडून सांगितलं, चौघं दोर घेऊन घळीकडे पळत सुटले. त्यांना पोचायला निदान दोन तास लागणार होते. आकडा त्रेचाळीसवर आला. घळीत गार वारा घुसत होता आणि ड्रोन हेलकावे खात होता.

"अजून जवळ घे. छाती दाखव."

मी घेतला. पडदाभर नारिंगी छाती.

"इथंच धर. हलू देऊ नको."

"सिस्टर, बॅटरी उतरतेय. आत्ता फिरवला तरच परत येईल."

"एक मिनिट."

"सिस्टर..."

"पूर्ण एक मिनिट, जितू."

त्यांनी घड्याळ हातात घेतलं. दुसऱ्या हाताची दोन बोटं हवेत, पडद्यासमोर धरली, बाळाच्या छातीवर टेकवतात तशी. मी ड्रोन धरून ठेवला. माझी बोटं बधिर झाली होती, तरी तो तेवढा स्थिर मी आयुष्यात कधी धरला नाही. सिस्टर ओठ हलवत नव्हत्या. मोजायला काहीतरी लागतं ना. त्या फक्त वाट बघत होत्या. दहा सेकंद झाले. वीस झाले. तिसाव्या सेकंदाला मला वाटलं आता थांबतील. त्या थांबल्या नाहीत. पडदा लाल झाला, यंत्र परत फिरायला निघालं, मी बटण दाबून त्याला अडवलं. पंचेचाळीस. पन्नास.

साठाव्या सेकंदाला त्यांनी घड्याळ सोडून दिलं.

"शून्य," त्या म्हणाल्या. आणि मग, सवयीने, "दहा वाजून वीस मिनिटं."

ड्रोन तिथेच, त्याच्यापासून हातभर अंतरावर बर्फात कोसळला आणि पडदा काळा झाला. पडद्यावर शेवटचं काय दिसलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याच्या भुवयांवर बर्फ होता आणि तो वितळलेला नव्हता.

सिस्टर खडकावर बसल्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वेटरची बटणं सोडली. या वेळी त्या पाठ करा म्हणाल्या नाहीत. एकेक करून निळी, लाल, पांढरी बाहेर काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"घे," त्या म्हणाल्या. "आता नको." मग छाती दाबून धरून त्या रडल्या. मोठ्याने, भर उतारावर, त्या माणसांसमोर. मी त्यांना धरलं नाही. धरायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी कागदपत्रं झाली. पोलिसांनी निनादच्या वस्तू एका पिशवीत दिल्या. पाकीट, चाकू, चिक्कीचं रिकामं पुडकं आणि मोबाइल. मोबाइल त्याच्या काखेत, बनियनच्या आत सापडला होता. बंद पडलेला.

"उबेला ठेवला होता त्यानं," सिस्टर म्हणाल्या. एवढंच.

डॉक्टरांशी त्या एकट्याच बोलल्या. परतीच्या जीपमध्ये, दुपारी, एका पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. मी सगळा जीव गोळा करून म्हटलं, "सिस्टर, पहिल्या दिवशी मी घळ..."

"डॉक्टर म्हणाले, पहिल्याच रात्री गेला," त्या मध्येच म्हणाल्या. खिडकीबाहेर बघत होत्या. "तीन तारखेलाच. आपण घरून निघालो तेव्हाच तो नव्हता. कोणी काही करू शकलं नसतं."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायलाही लाज वाटते, पण तसंच झालं. पाय बांधायला, सॅक आडवी लावायला, चिक्की संपवायला एक रात्र पुरते का, हा हिशेब मी केला नाही. करायचाच नव्हता.

त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं काढली. बरी काढली. नवा ड्रोन घेतला, लग्न केलं. लग्नात सिस्टर पहिल्या रांगेत होत्या. मुलगी झाली तेव्हा त्यांनी हिरवी टोपी विणून आणली आणि बाळाचे तळवे चाचपून म्हणाल्या, "ही श्वास विसरणारी नाही, बापावर गेलेली नाही." दर दिवाळीला त्यांच्याकडून चिवड्याचा डबा यायचा. रस्त्यात भेटल्या की एकच प्रश्न असायचा, "बॅटऱ्या नीट ठेवतोस ना रे?" मी हसायचो. त्याही हसायच्या. निनादबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

या फेब्रुवारीत सिस्टर गेल्या. झोपेतच. महिन्याभराने शलाका स्टुडिओत आली. निनादचा फोटो सिस्टरांनी घरात कधी लावला नव्हता. आता मायलेकांचा मिळून एक मोठा करून लावायचा होता. तिने पर्समधून पिवळी लोकरीची टोपी काढली आणि काउंटरवर ठेवली. टोपीत मोबाइल होता.

"यात त्याचे चांगले फोटो असतील," ती म्हणाली. "तू बघ ना काढून."

"हा चालू होतो?"

"होतो तर. आई दर महिन्याच्या एक तारखेला चार्ज करायची. मला म्हणायची, जितूने सांगितलंय, पूर्ण उतरू द्यायची नाही." शलाका थोडी हसली. "पण बघू कधी दिला नाही. काही नाही त्यात म्हणायची. चार्ज करताना दार लावून घ्यायची. एकदा मी खिडकीतून पाहिलं तर वाचायचं भिंग घेऊन बसली होती मोबाइलसमोर. पासवर्ड तिचीच जन्मतारीख आहे, तिच्या वहीत मिळाला."

मी फोटो उघडले. कॉलेजचे, मित्रांचे, जेवणाच्या ताटांचे. मग डोंगर. मग बर्फ. सगळ्यात शेवटी तीन फोटो होते, तिन्ही आकाशाचे.

धंद्याची सवय म्हणून मी तपशील बघितला. आठ नोव्हेंबर. सकाळी अकरा बेचाळीस. तिन्ही एकाच मिनिटात काढलेले. फ्लॅश चालू.

भर दिवसा, उघड्या आकाशाचा फोटो कोणी फ्लॅश लावून काढत नाही. मी पहिला फोटो मोठा केला. दोन्ही बाजूंना काळे कडे होते आणि मधे, वळणाच्या अगदी कडेला, एक काळा ठिपका. अजून मोठा केला. ठिपक्याला चार हात होते.

खुर्ची कुठे आहे ते मला दिसेना. बाहेर वरातीचा बँड कुठेतरी तालीम करत होता.

सहा वर्षं. दर महिन्याला. दार लावून, भिंग घेऊन. आणि दिवाळीला चिवडा.

"काय झालं?" शलाका म्हणाली. "शेवटचे कुठले आहेत? दाखव ना."

मोबाइल खराब झालाय, असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडात तयारही होते. तिने लगेच विश्वास ठेवला असता. पण समोर ती पिवळी टोपी पडली होती.

"बस," मी म्हटलं. "खुर्ची घे. मी ती घळ पाहिली नव्हती, शलाका. तुझ्या आईला मी पाहिली म्हणून सांगितलं. वळणापर्यंतच गेलो होतो. तो पलीकडे होता आणि जिवंत होता."

ती बसली नाही. मी मोबाइल तिच्याकडे फिरवला.

"हा ठिपका दिसतो?"

"हो."

"तो मी आहे."

मग तिने बोटाने फोटो सरकवला. दुसऱ्यात ठिपका बारीक झाला होता. तिने पुन्हा बोट फिरवलं.

तिसऱ्यात नुसतं आकाश होतं.